काम आहे, पद नाही

तरुणांच्या रोजगारासाठी महाराष्ट्र शासन आज जे प्रयत्न करते, त्यांचा मोठा भाग प्रशिक्षणाच्या नावाने चालतो. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना हे त्याचे ठळक उदाहरण. १८ ते ३५ वयोगटातील बेरोजगारांना सहा महिने एखाद्या आस्थापनेत काम मिळणार होते. विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये. पुढे मुदत अकरा महिन्यांवर गेली. चर्चा मात्र ‘लाडका भाऊ’ या नावाभोवती आणि निवडणुकीच्या हिशेबातच अडकून पडली.

योजनेमागचे गृहीतक जुनेच आहे: नोकऱ्या आहेत, पण मुलांकडे कौशल्य नाही. उद्योजक, मंत्री आणि कुलगुरू यांचे यावर इतके एकमत असते की ते तपासून पाहायचे कोणाला सुचत नाही. ज्याचा तुटवडा असतो त्याचा भाव चढतो. फिटर आणि वेल्डर खरोखरच मिळेनासे झाले असते, तर औद्योगिक वसाहतींत त्यांना ठेकेदारामार्फत, काही महिन्यांच्या बोलीवर कोणी घेतले नसते. कारखान्यांनी त्यांना पगार वाढवून धरून ठेवले असते, नसतील तर स्वतः शिकवून तयार केले असते. त्यासाठीचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तरीही शिकून झालेल्या उमेदवाराला सामावून घेण्याची सक्ती मालकावर नाही, आणि बरेच कारखाने जुनी तुकडी सोडून नवी घेतात. आयटीआयमधली यंत्रे जुनी आहेत, पदव्या पोकळ आहेत, हे खरेच. पण पदवी पोकळ म्हणून नोकरी नाही असे म्हणणाऱ्यांनी अकरा महिन्यांच्या कार्यालयीन कामातून कोणते दुर्मीळ कौशल्य येते, तेही सांगायला हवे.

तरुणांना कष्ट नकोत, हा आरोप पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले पाहिल्यावर टिकत नाही. नोकरी मागण्यापेक्षा नोकरी देणारे व्हा, हा उपदेश भांडवल नसलेल्या घराच्या काही कामाचा नाही.

कौशल्याच्या सिद्धान्ताला सर्वांत चोख उत्तर या योजनेनेच दिले आहे. शासकीय कार्यालयांत मंजूर पदांच्या पाच टक्के प्रशिक्षणार्थी घेण्याची मुभा होती. ते ग्रामपंचायतीत दाखल्यांचे अर्ज घेऊ लागले, नोंदी संगणकावर चढवू लागले, जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्गावर उभे राहिले. काम त्यांना जमले. जमत नसते तर मुदत वाढली नसती. मुदत संपल्यावर काम तिथेच राहिले आणि माणूस घरी गेला. कायम करा, अशी मागणी घेऊन हे तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा प्रशिक्षणातून नोकरीचा हक्क निर्माण होत नाही, हे नियमातले उत्तर तयार होते.

म्हणून काम आणि पद यांत फरक करायला हवा. काम रोज उभे राहते. पद आकृतिबंधात मंजूर व्हावे लागते, त्याला वेतनश्रेणी आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि माणूस बदलला तरी ते उरते. रिक्त पद भरले की आस्थापना खर्च कायमचा वाढतो, तर विद्यावेतन योजनेबरोबर संपते. वित्त विभागाला दुसरी वाट सोयीची वाटणे समजण्यासारखे आहे, पण तिला रोजगारनिर्मिती म्हणणे चूक आहे. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या रोजगार हमी योजनेने अंगमेहनतीच्या कामाबाबत तरी काम देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली होती. सुशिक्षितांच्या वाट्याला तशी हमी कधीच आली नाही.

केंद्राची १ ऑगस्ट २०२५ पासूनची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना निदान मालकाच्या बाजूने विचार करते. वाढीव कर्मचारी किमान सहा महिने टिकला, तर मालकाला त्याच्यामागे दरमहा ३ हजार रुपयांपर्यंत मिळतात. दोन वर्षे, कारखानदारीत चार. या योजनेचे मोजमापही किती जण नोकरीला लागले यावर न करता, अनुदान थांबल्यानंतरच्या वर्षी त्यांतली किती पदे उरली, यावरच करावे लागेल.