इंद्रियदमन आणि पाळलेले वचन

गिरणी बंद पडल्यावर लालबाग-परळाहून गावी परतलेला एखादा मनुष्य हाती आलेला पैसा आठ दिवसांत उडवितो, तेव्हा "ह्याच्या ठायी इंद्रियदमन नाही" असा निकाल आपण तत्क्षणी देतो. मनुष्याचा नीतिविषयक निर्णय बहुधा आधी होतो व कारणे मागाहून येतात, असे मानसशास्त्रज्ञ जॉनाथन हाइट ह्यांनी 2001 साली प्रतिपादिले. (उपदेशकांस तर कारणे फारच लवकर सापडतात.)

परंतु अमेरिकेतील रॉचेस्टर येथे 28 लहान मुलांवर केलेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. थोडे थांबल्यास दुप्पट खाऊ मिळेल, असे त्यांस सांगितले. पूर्वी ही केवळ मनोबळाची परीक्षा समजत. पण ज्या मुलांशी त्या वडील मनुष्याने अगोदरचा शब्द पाळिला होता, ती सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांच्याशी मोडिला होता, ती अवघी 3 मिनिटे!

आता गिरणगाव आठवा. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. हजारोंची नोकरी कायमची गेली. पुढे घरांचे वचन मिळाले. पुष्कळ जण अद्याप वाट पाहत आहेत. अशा मनुष्यास धीर कोणत्या तोंडाने शिकवावा?

गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात आत्म्याचे फळ म्हणून इंद्रियदमन सांगितले आहे, आणि त्याच यादीत, त्याच्या अगोदर, विश्वासूपणाही आहे. सीनाय पर्वतावर आज्ञा देण्यापूर्वी देवाने इस्राएलास सकाळोसकाळ मान्ना पुरविला. रविवारच्या शाळेत मुलांस चित्र देण्याचे कबूल करून विसरलेल्या उपदेशकाने प्रथम ते चित्र नेऊन द्यावे. संयमाचा धडा पुढील रविवारी घेता येईल.