एकाच कलमाची चव

झिनफंडेल नावाच्या लाल वाइनच्या द्राक्षाची अमेरिकेत जत्रा भरते. या द्राक्षाच्या कैवाऱ्यांनी १९९१ साली ‘झॅप’ ही संस्था काढली आणि सॅन फ्रान्सिस्कोत चाखणीचे मेळावे भरवले. हातात पेला घ्यायचा आणि टेबलामागून टेबल फिरायचं. द्राक्ष सगळीकडे तेच. मळा, साल आणि करणारा हात तेवढा निराळा. जाणकार घोट तोंडात घोळवतो आणि बादलीत थुंकतो. गिळत बसला, तर थोड्याच वेळात त्याला झिनफंडेल काय आणि कोकमाचं आगळ काय, सगळं सारखंच लागेल.

हे द्राक्ष मुळात कुठलं, यावर बराच काळ वाद होता. २००१ साली कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांनी डीएनए जुळवून दाखवलं की क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचा एक जवळजवळ विसरला गेलेला वेल आणि झिनफंडेल एकच. इटलीतलं प्रिमितिव्होही तेच. वेल फांदी लावून वाढवतात, त्यामुळे तीन देशांत तीन नावांनी वाढलेलं हे एकाच झाडाचं शरीर आहे. मग चाखणाऱ्याला शंभर पेल्यांत शंभर गोष्टी लागतात, त्या कुणाच्या?

सिंधुदुर्गात वाइनची द्राक्षं होत नाहीत. इथला पाऊस ती टिकू द्यायचा नाही. प्रश्न मात्र इथला रोजचा आहे. हापूसही कलमाचाच. देवगडचं झाड आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं झाड वंशाने एकच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आले. कागदावर पाचही सारखे. देवगडच्या बागायतदाराला हे सांगून बघावं. ‘आमच्या कातळार पिकलेलो तोच खरो आंबो,’ यापलीकडे तो बोलणार नाही.

त्याच्या मदतीला चक्क तर्कशास्त्र धावून येतं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रस, म्हणजे जिभेला कळणारा गुण, पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत मानला आहे. पाण्याची चव एकच, मधुर. सहाही रस पृथ्वीत. इथे पृथ्वी म्हणजे तत्त्व, देवगडचा कातळ नव्हे, तेव्हा बागायतदारांनी फार हुरळून जाऊ नये.

छांदोग्य उपनिषदातला उद्दालक मात्र त्यांच्या विरुद्ध साक्ष देईल. बारा वर्षं शिकून ताठ्यात घरी आलेल्या श्वेतकेतूला तो मधाचा दाखला देतो. मधमाश्या नाना झाडांचे रस एकत्र करतात, आणि मग कुठल्याच रसाला आपण अमक्या झाडाचे आहोत हे सांगता येत नाही. सगळी भूतं सत् तत्त्वात तशीच मिसळतात. वाइनच्या मेळाव्यात नेमका उलटा खटाटोप चालतो: मिसळलेल्या रसाकडून झाडाचा, उताराचा आणि सालाचा पत्ता वदवून घ्यायचा. उद्दालकाला ही विद्या अविद्याच वाटली असती.

पण तोच उद्दालक मुलाला पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी चाखायला लावतो. वरून, मधून, तळातून. मीठ दिसत नाही, पण जीभ नाकारत नाही. १९३० साली ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्या मुलखातल्या वाचकाला हा धडा वेगळा शिकवायला नको. डोळ्यांनी न दिसणाऱ्या तत्त्वाच्या खुणेसाठी ऋषीने जीभ निवडली, हे जिव्हालौल्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखं आहे.

घरातल्या धर्माला मात्र चाखणं खपत नाही. नैवेद्याच्या आमटीत मीठ अंदाजाने पडतं. पळीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला की ते उष्टं झालं. देवाआधी परीक्षा करायची नाही. शबरीची उष्टी बोरं म्हणूनच लोकांना इतकी आवडली असावीत; वाल्मीकींनी ती सांगितलेली नाहीत, मागाहूनच्या परंपरेने घातली.

दारूचा विषय निघाला की हा धर्म आणखी गोंधळतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा द्यायचं ठरवलं, तेव्हा देवळांच्या आणि शाळांच्या जवळची दुकानं वगळली. इकडे तळकोकणातल्या काही गावांत राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबड्याबरोबर दारूचाही मान असतो. गाऱ्हाणं घातलं जातं, ‘व्हय म्हाराजा’ची साथ मिळते आणि दारू दगडावर ओतली जाते. ओतणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असली, तो थेंबाला शिवत नसला, तरी अडत नाही. पिणं हा त्याचा प्रश्न, मान हा राखणदाराचा.

मेळाव्यातला जाणकार जिभेवर घेतो आणि गिळत नाही; हा तर जिभेलाही लावत नाही. पहिल्याला रस हवा आणि नशा नको. दुसऱ्याला दोन्ही दुसऱ्याच्या हवाली करायचे आहेत. यांतला संयमी कोण, हे ठरवायला निर्णयसिंधूसारखा धर्मशास्त्राचा ग्रंथ उघडून फारसा उपयोग व्हायचा नाही. आमटीत मीठ कमी पडलं असेल, तर ते मात्र पहिल्या पंगतीलाच कळतं, आणि मिठाची वाटी फिरते.