उंदीर आणि मोमाई

मुंबईत आर्थर रोडजवळच्या एका चाळीत कोकणातली एक म्हातारी राहत होती. १८९६ चा ऑक्टोबर होता. मांडवीतला गाठीचा ताप म्हणजे प्लेग, हे मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरातच ओळखलं होतं. म्हातारीला ते नाव ठाऊक नव्हतं. तिने हेरलं होतं ते वेगळंच. माणसं तापाने पडण्याआधी उंदीर पडतात. भरदिवसा झिंगल्यासारखे बिळाबाहेर येतात आणि मोरीपाशी मरतात.

पालिकेचा इन्स्पेक्टर कार्बोलिकची बादली घेऊन चाळीत आला तेव्हा तिने त्याला हे सांगितलं. शिकलेला तरुण पोरगा. तो हसला. “आजी, रोग घाणीतून येतो. उंदराचं काय घेऊन बसलात?” गटारात कार्बोलिक ओतून तो निघून गेला.

त्याची पुस्तकं त्याला हेच शिकवत होती, तेव्हा दोष सगळा त्याचा नाही. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, तेव्हाही अनेक जाणकारांनी ते मनावर घेतलं नाही. पण चाळीने मेलेले उंदीर डोळ्यांनी पाहिले होते. साहेब चुकतोय, एवढं पोरासोरांनाही कळलं.

आठवड्याने शेजारच्या विणकऱ्याच्या मुलाला ताप भरला, जांघेत गाठ आली. इन्स्पेक्टर म्हणाला, “आजच्या आज इस्पितळात न्या.”

म्हातारी आडवी आली. “नको! तिथं माणसाला उलटं टांगून मोमाई काढतात, अंगातलं औषधाचं तेल. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं ना, म्हणून तिनं आपल्या लोकांची काळजं मागवलीत.”

तो पुन्हा हसला. अगदी तसाच.

चाळीचा हिशेब सरळ होता. उंदराच्या बाबतीत हसला तेव्हा म्हातारी खरी निघाली होती; मग मोमाईच्या बाबतीतही तीच खरी. इस्पितळाच्या दाराआड काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं. आत गेलेला माणूस उभा परत आलेला तेवढा दिसत नसे.

मुलाला माळ्यावर गोधड्यांच्या ढिगाआड लपवलं. चौथ्या दिवशी झडतीत तो सापडला, डोलीतून इस्पितळात गेला आणि त्याच रात्री वारला. “बघा,” चाळ म्हणाली. त्यानंतर ज्याने त्याने आपला रोगी आणखी खोल लपवला, आणखी उशिरा बाहेर काढला. आणि शेवटच्या घटकेला आत गेलेले मरत राहिले. अफवा आपला पुरावा आपणच तयार करत होती. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, तो या पुराव्याच्या जोरावर.

म्हातारी चाळ सोडून गावी निघाली. घर सोडायचं हे तिचं बरोबरच होतं. मात्र गोधड्यांचं गाठोडं तिने बरोबर घेतलं. त्यात पिसवा होत्या की नव्हत्या कोण जाणे. पिसवांचं तिलाही ठाऊक नव्हतं, इन्स्पेक्टरलाही नाही.

पुढच्या थंडीत प्लेग परत आला. इन्स्पेक्टर आता दुसऱ्या वॉर्डात होता. तिथल्या एका चाळीत पदर खोचलेली एक बाई जिन्यातच त्याला म्हणाली, “साहेब, उंदीर पडायला लागलेत.”

त्याने वही काढली. “कुठल्या खोलीत? कधीपासून?”

बाई बघतच राहिली. मग तिने खोल्या सांगितल्या, मोरी दाखवली, दिवस मोजून सांगितले. त्याने सगळं लिहून घेतलं. तो जायला वळला तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, “पोरगी कालपासून तापली आहे. पण तिकडं मोमाई काढतात म्हणे. खरं का हो?”

त्याला हसू येत होतं. ते त्याने गिळलं.

“नाही काढत. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. आधी तुम्ही या माझ्याबरोबर, सगळ्या खोल्या उघडून बघा.”

“आणि पोरीच्या उशाशी मी बसणार.”

“तसा नियम नाही,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “मी डॉक्टरांशी बोलतो. डोली बोलावू?”

“बोलवा,” बाई म्हणाली.