सत्याचा पाश

आपल्या जन्माची हकीकत खोटी निघाली, तर आपण कोण उरतो? अमेरिकन चित्रकथांतील ‘वंडर वुमन’ ही नायिका आम्हांपुढे हाच प्रश्न ठेवते. विल्यम मार्स्टन यांनी १९४१ साली तिला निर्माण केले, तेव्हा ती राणी हिपोलिटाने मातीतून घडविलेली कन्या होती. २०११ साली नव्या लेखकाने तिला झ्यूस देवाची मुलगी ठरविले. २०१६ साली ग्रेग रुका यांच्या कथेत मात्र, ज्याने बांधलेल्यास खोटे बोलताच येत नाही तो आपला सोनेरी पाश ती स्वतःभोवतीच गुंडाळते. आणि आपली फसवणूक झाल्याचे तिला उमगते.

दुसऱ्याकडून सत्य वदवून घेणे त्या मानाने सोपे. स्वतःला त्या पाशात बांधून घेण्यास धैर्य लागते. दत्तक मुलाला आपल्या जन्माची हकीकत उशिरा कळते, तेव्हा त्याच्यावरही हाच प्रसंग ओढवतो. ती हकीकत जाणण्याचा त्याला हक्क आहे. ती दडविणारी माया अपुरीच म्हटली पाहिजे. परंतु जन्मकथा इतरांनी सांगितलेली असते. ती खोटी ठरल्यावरही सत्याची कास न सोडणे, हा निर्णय मात्र ज्याचा त्याचा. माणसाची खरी ओळख आम्हांला तेथेच पटते.