डोळा आणि खुंट

शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या कलमा बांधणारी एक विधवा बाई होती. जंबेरीच्या खुंटाच्या सालीत काप घ्यायचा, त्यात संत्र्याचा डोळा सरकवायचा, वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. आयुष्य त्यातच गेलं. रविवारी ती ख्रिस्ती मंडळीत शेवटच्या बाकावर बसे. मंडळी लहान, छप्पर गळकं. आणि ती ज्या नर्सरीत रोजानं जाई, तिचा मालकच मंडळीचा खजिनदार.

एका वर्षी कलमांना फार मागणी आली. खुंट पुरते वाढायची वाट न पाहता मालकानं जमिनीपासून नऊ इंचांवर बांधायचे डोळे दोन-तीन इंचांवर बांधून घेतले. बाईनं एकदा टोकलं, मग गुमान बांधले.

मोर्शीकडच्या एका शेतकऱ्यानं त्या कलमा लावल्या. जोड मातीत गेला, पावसाळ्यात बुडाशी पाणी तुंबलं आणि झाडं फळावर येता येता सालीतून डिंक गळू लागला. डिंक्या! बोर्डो मलम लावून झालं, बाग काही वाचली नाही. त्यानं कृषी खात्याकडे तक्रार केली. मालक म्हणाला, “या कलमा माझ्या नव्हेतच.” विकताना त्यानं बिल दिलंच नव्हतं.

संध्याकाळी पाळकसाहेब बाईच्या घरी आले.

“बाई, मंडळीची अब्रू चावडीवर नेऊ नये. तो शेतकरी काही आपल्यातला नाही. विश्वासणाऱ्यानं जगाच्या भानगडींपासून वर राहावं. तुम्हीच म्हणता ना, डोळा मातीला टेकू नये?”

(छपराचे नवे पत्रे खजिनदारानं कबूल केले होते, हे ते बोलले नाहीत.)

“डोळा टेकू नये, साहेब, खरं हाय. पण मूळ त मातीतच रायते. पाणी आपन याच गावचं पेतो. त्याचं नुकसान आपलं नाई म्हनलं, त मंग आपली प्रार्थना कोनासाठी?”

पाळकसाहेब मुलांना पंडिता रमाबाईंची गोष्ट रंगवून सांगत. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, बायबलचं भाषांतर, सगळं येई. 1897 तेवढं गळायचं. त्या साली पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे हाल झाले, ते रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केले. राज्यकर्ते ख्रिस्ती, वर्तमानपत्र ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती. आपल्याच माणसांची अब्रू म्हणून गप्प बसायला याहून चांगली सबब मिळाली नसती. गव्हर्नर सँडहर्स्टनं आरोप नाकारले.

बाईला हे ठाऊक होतं. तिनं विचारलं, “रमाबाईनं काहून लिवलं, साहेब?”

“तो काळ वेगळा होता,” म्हणत पाळकसाहेब चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी बाई त्या तक्रारीत जबाब द्यायला वरुडला गेली. जबाब घेणाऱ्यानं विचारलं, “डोळे इतके खाली मालकानं बांधले?”

“सांगतलं मालकानं, बांधले म्या. माह्यं नाव पयले लिवा.”

नर्सरीतलं काम सुटलं. पत्रेही आले नाहीत आणि त्याचं खापर मंडळीतल्या काहींनी तिच्याच माथी फोडलं. पुढं वार्षिक सभेत खजिनदाराची निवड निघाली, तेव्हा पाळकसाहेबांनी जुनंच नाव सुचवलं. शेवटच्या बाकावरून बाई उठली आणि तिनं आधी हिशेबाची वही मागितली.