उपास कशास म्हणावें?

फळांच्या व भाज्यांच्या रसावर कांहीं दिवस राहावें, अन्नास शिवूं नये, म्हणजे शरीरांत सांचलेला मळ निघून जातो, असा समज सांप्रत शहरांतून फार पसरला आहे. मुंबई-पुण्याकडील सधन लोक विश्रांतीसाठीं कर्जत-खालापूरच्या बाजूस येतात, त्यांच्यामागोमाग हा समजहि आमच्या कोंडाण्यापर्यंत येऊन पोंचला आहे. मंडळींतील तरुण आम्हांस विचारतात कीं, याला उपास म्हणावें काय? प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर केवळ ऐकीव गोष्टींवर देऊं नये म्हणून, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, आम्हीं सात दिवस रसावर काढले व ते पुरे केले.

पहिले दोन दिवस डोकें दुखलें. तें अन्नावांचून कीं चहावांचून, हें सांगणें कठीण. तिसऱ्या दिवशीं शेजारच्या घरांतील फोडणीचा वास सोसवेना. पुढें अंग हलकें झालें, आणि सातव्या दिवशीं मनांत एक मोठें समाधान उत्पन्न झालें. या समाधानाचीच आम्हांस येथें परीक्षा करावयाची आहे. पण तत्पूर्वीं शरीराची गोष्ट उरकून घेऊं.

टाकाऊ द्रव्यें वेगळीं करून बाहेर टाकण्याचें काम यकृत व मूत्रपिंडें रात्रंदिवस करीतच असतात. रस प्याल्यानें तें अधिक चांगलें होतें याला भक्कम पुरावा नाहीं. वजन उतरतें खरें. पण पहिल्या दिवसांत उतरतें तें बहुतांशीं पाणीच. यकृतांत व स्नायूंत सांठवलेली साखर आपल्या वजनाच्या सुमारें तिप्पट पाणी धरून ठेविते. तो सांठा संपला कीं पाणीहि जातें, आणि भाकरी सुरू होतांच परत येतें. शिवाय संत्र्याच्या एका पेलाभर रसांत चार-पांच चहाचे चमचे साखर असते. मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी व गरोदर स्त्रिया यांनीं या वाटेस जाऊं नये, हें आम्ही स्पष्ट सांगून ठेवितों.

रस हें अन्न नव्हे, ही कल्पना मात्र मुळींच नवी नाहीं. राजमाचीच्या पायथ्याशीं आमच्या गांवचीं जीं लेणीं आहेत, तीं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचीं मानतात. चैत्याशेजारीं, कण्हाचा शिष्य बालक यानें हें काम केलें, असा ब्राह्मी लेख आहे. तेथें राहणारे बौद्ध भिक्षु होते. भिक्षूंनीं मध्यान्हानंतर जेवूं नये असा विनयाचा नियम. परंतु महावग्गांत त्यांना आठ प्रकारचीं पेयें घेण्याची मोकळीक दिली आहे, आणि त्यांत आंबा, जांभूळ, केळें, द्राक्ष व फालसा यांचे रस येतात. आंबा व जांभूळ तर याच रानांतलीं झाडें. ज्यानें हा नियम घातला, त्यानें स्वतः उरुवेलेस हाडें उघडीं पडेपर्यंत उपास करून मग ती वाट सोडून दिली होती. रात्रींची भिक्षा बंद कां करावी याविषयीं पाली ग्रंथांत एक साधीच कथा आहे: अंधारांत भिक्षेस निघालेला भिक्षु विजेच्या लखलखाटांत एका बाईला दिसला, आणि पिशाच समजून ती किंचाळली. म्हणजे खाणाऱ्याच्या पुण्याबरोबर घालणाऱ्या घराचाहि विचार त्या नियमामागें होता. आमचा धर्म निराळा असला, तरी ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

दुसरें उदाहरण पुण्याचें. आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतांना गांधीजींनीं १० फेब्रुवारी १९४३ पासून २१ दिवसांचा उपास केला. त्यांचें वय तेव्हां ७३ होतें. हा प्राणांतिक उपास नव्हे, आणि नुसतें पाणी पोटांत ठरत नसल्यामुळें त्यांत आंबट फळांचा रस घालूं, असें त्यांनीं आधींच कळविलें होतें. मध्यंतरीं जिवावर बेतलें तेव्हां मोसंब्याचा रस घेतला. तेवढ्यावरून तो उपास नव्हे असें कोण म्हणेल? तेव्हां रस घेतला कीं न घेतला, यावर उपासाचें उपासपण ठरत नाहीं. त्या दिवसांत डॉक्टरांच्या सहीचीं पत्रकें निघत, आणि सारा देश एका माणसाची नाडी मोजीत होता. त्याच वर्षीं बंगालांत दुष्काळ पडला, व कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसें पेजेसाठीं दारोदार फिरत मेलीं. एकंदर मृत्यूंचा आंकडा सुमारें ३० लाख सांगतात. त्यांच्या नाडीचीं पत्रकें निघालीं नाहींत. ३ मार्च रोजीं उपास सुटणार हें पुण्यास सर्वांस ठाऊक होतें. बंगालांत ती तारीख कोणासच ठाऊक नव्हती.

आमच्या समाधानाचें मूळ येथें सांपडतें. रविवारीं भाकरी मिळणार हें आम्हांस सोमवारींच ठाऊक होतें. आमच्या भागांतील पुष्कळ कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पाऊस लागण्याच्या सुमारास परत येतात. लावणी आटोपली कीं श्रावण-भाद्रपदांत हातास काम नसतें. मग रानांतले कंद आणि ओढ्यांतले खेकडे. आतां रेशनचें धान्य मिळतें, म्हणून पूर्वीची दशा राहिली नाहीं, तरी त्यांच्या पोरांचे दंड पाहावे. त्याच श्रावणांत इतरांच्या घरीं साबुदाणा व वरी शिजते, आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण खरी होते. उपासानें गरिबाची भूक कळते असें कित्येक उपदेशक सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. शेवट ठरलेली भूक ही भूकच निराळी. तिच्यानें फार तर चहाची सवय किती खोल गेली आहे तें कळतें.

मग उपास व्यर्थ काय? तसें नव्हे. यशयाच्या ५८ व्या अध्यायांत संदेष्टा उपास करणाऱ्यांच्या वाळलेल्या तोंडाकडे पाहत नाहीं. न खाल्लेली भाकरी कोणाकडे गेली हें विचारतो. या कसोटीस रसाचे सात दिवस लावून पाहिले तर त्यांतून उरतें काय? कांहींच नाहीं, उलट अधिक खर्च होतें. म्हणून आम्ही त्याला पथ्य म्हणूं. पथ्य करण्यांत पाप नाहीं, व ज्यास मानवेल त्यानें तें खुशाल करावें. उपास हें नांव मात्र त्याला देऊं नये.

त्या सात दिवसांचे आमच्या वांट्याचे तांदूळ घरीं एका डब्यांत निराळे काढून ठेविले होते. ते पावणेतीन किलो भरले. फळांचा खर्च त्यांच्या किमतीच्या कित्येक पट झाला, तो हिशेबहि आम्हीं लिहून ठेविला आहे. ते तांदूळ, आणि फळांच्या खर्चाइतके आणखी, श्रावणांत कोणकोणत्या घरीं पोंचवावे, हें मंडळीच्या पुढील सभेंत ठरावयाचें आहे. वाडीवरील घरांची माहिती असलेल्यांनीं त्या दिवशीं अवश्य यावें.