उपवासापूर्वीची तळणी

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेणाऱ्या भाविकाने आदल्या आठवड्यात काय खाल्ले, हे धर्मगुरूने विचारू नये असा एक अलिखित संकेत आहे. पोलंडमध्ये ते विचारावे लागत नाही. त्या बुधवारच्या सहा दिवस आधी येणाऱ्या गुरुवाराचे नावच मुळी ‘त्वुस्ती च्फार्तेक’, म्हणजे चरबीचा गुरुवार. त्या दिवशी पोंच्की नावाचे गोड सारण भरलेले गोळे तळले जातात, आणि ज्याने एकही खाल्ला नाही त्याचे वर्ष वाईट जाते अशी तेथील समजूत आहे. एका नगाला म्हणायचे पोंचेक. या शब्दाचा मूळ अर्थ छोटी कळी.

ही कळी घरी फुलवणे सोपे नाही. मैदा, कोमट दूध, यीस्ट, साखर, लोणी आणि भरपूर अंड्यांचे केवळ पिवळे बलक मळून पीठ दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवायचे. त्यात चमचाभर कडक मद्य घालतात; ते नशेसाठी नव्हे, तर तळताना चरबी आत मुरू नये म्हणून. मग गोळे करून त्यांत आलुबुखारचा घट्ट मुरांबा किंवा आपल्या गुलकंदाच्या जवळचा गुलाबपाकळ्यांचा मुरांबा भरायचा, तोंड नीट मिटायचे आणि गोळे पुन्हा फुगू द्यायचे. तळणी डुकराच्या चरबीत, मध्यम आचेवर. गोळा हलका झाला असेल तर तो अर्धाच बुडतो, आणि उलटून तळल्यावर त्याच्या कमरेभोवती फिकट पट्टा उरतो. तो पट्टा दिसला की सुगरण निःश्वास टाकते. ज्यांच्या घरी लग्नाचे फुगे तळले जातात त्या आपल्या ईस्ट इंडियन भगिनींना पिठाचा हा लहरीपणा समजावून सांगायला नको.

अठराव्या शतकातील पोलिश धर्मगुरू येन्जेय कितोविच यांनी आपल्या काळच्या चालीरीतींचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. जुना पोंचेक असा कठीण असे की डोळ्यावर बसला तर डोळा काळानिळा व्हावा. नवा मात्र मुठीत दाबला तरी स्पंजासारखा पुन्हा फुगतो, असे ते सांगतात. एका धर्मगुरूने तळणीकडे इतक्या बारकाईने पाहावे याचे मला, का कोण जाणे, बरे वाटले.

या पदार्थामागचे कारण साधे होते. जुन्या उपवासकाळात मांस, चरबी, अंडी, लोणी सारेच वर्ज्य असे. घरात ठेवले तर मोह, टाकले तर अन्नाचा अपमान. म्हणून ते आधीच तळून, वाटून संपवायचे. परंतु १९६६ साली पोप पौल सहावे यांनी ‘पेनितेमिनी’ या आज्ञापत्राने प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले. आज उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. अंडी-लोण्यावर बंदी नाही. कारण गेले, कळी राहिली. ‘फादर, जो उपवास आपण करीतच नाही, त्याआधीची मेजवानी म्हणजे ढोंग नव्हे का?’ असे एका तरुणाने मला विचारले होते. त्याचा रोख गोव्याच्या इंत्रुजवर होता; प्रश्न पोंच्कीलाही तितकाच लागू आहे.

त्याला मी त्या वेळी दिलेले उत्तर पुरेसे नव्हते. आज वाटते की उपवास म्हणजे काय, तेच आधी पाहायला हवे होते. मेर्सेबुर्गचे बिशप थीटमार (मृत्यू १०१८) आपल्या इतिवृत्तात लिहितात की पोलंडच्या बोलेस्वाव राजाच्या राज्यात उपवासाच्या दिवसांत मांस खाणाऱ्याचे दात पाडले जात. दातांच्या भीतीने जे पाळले जाते त्याला मी उपवास म्हणणार नाही. दुसरे टोक आपल्या महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती आणि सोव्हिएत हद्दपारीतली उपासमार त्यांनी भोगली होती. तो उपवास नव्हता. ज्याच्या ताटात काही नाही तो सोडणार काय?

म्हणजे सोडायला आधी काही हाती असावे लागते, आणि ते आपल्या हाताने सोडावे लागते. चरबीच्या गुरुवारी गृहिणी नेमके हेच करीत असे. अन्न वाईट म्हणून नव्हे, चांगले म्हणून ती ते संपवी. संत थॉमस अक्वायनस सुखाबद्दलच्या निव्वळ बधिरपणालाही दुर्गुणच मानतात, हे आपण प्रवचनांत सांगायचे विसरतो.

तरीही त्या तरुणाचा प्रश्न सुटत नाही. पोप संत ग्रेगरी महान यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, महागडे खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि अति चोखंदळपणे खाणे. घरचा पोंचेक पहिल्यातून सुटतो, कारण दोनदा फुगल्याशिवाय पीठ कोणाचे ऐकत नाही. पाचव्यात तो सपशेल सापडतो. त्या फिकट पट्ट्यासाठी दिवस घालवणारी सुगरण चोखंदळ नाही तर काय? मला खरी भीती तिची नाही. दुकानाच्या काचेमागची परात सारखी भरली जाते, गुरुवारी आणि पुढच्या गुरुवारीही. तिथे खाणाऱ्याने काहीच संपवलेले नसते. घरच्या तळणीला मात्र शेवटचा घाणा असतो. पीठ संपते, चरबीचा डबा रिकामा होतो, शेजारी ताटे पोहोचतात.

आणि ओट्यावर एका वाडग्यात अंड्यांचे सारे पांढरे तेवढे उरलेले असते. बुधवार यायला अजून सहा दिवस असतात.